मदत हवी आहे: ६५ इंची टीव्ही, ओएलईडी की मिनी एलईडी? शनिवारपर्यंत ठरवायचं आहे

कपाशी_दारव्हा, बुधवार रात्री ९:४०
६५ इंची घ्यायचा आहे. बजेट सव्वा लाख. यवतमाळच्या दुकानात दोन पाहून ठेवले, एक ओएलईडी, एक मिनी एलईडी. दोघांत सहा-सात हजारांचा फरक. दुकानदार ओएलईडीच घ्या म्हणतो. जुना टीव्ही बदलून देण्याची ऑफर शनिवारपर्यंत आहे. नेटवर वाचून डोकं फिरलं. कोणता घेऊ, एवढंच सांगा.

आर्वीकर, ९:५२
एवढ्यावर सांगता येत नाही, दादा. बसायची जागा टीव्हीपासून किती फूट? उजेड कोणत्या बाजूने येतो? पाहता काय, बातम्या-मालिका की सिनेमे? सिग्नल कशावरून येतो?

कपाशी_दारव्हा, ९:५८
हॉल चांगला मोठा आहे. घरातले सगळेच पाहतात. मी कंपनीच्या तुलनेचं विचारतोय.

पडदावेडा, १०:१०
ओएलईडीच घ्या. त्यात प्रत्येक पिक्सेल (चित्राचा ठिपका) स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा म्हणजे खरंच काळा. मिनी एलईडीत मागे दिव्यांचे गट असतात. रात्रीच्या दृश्यात पांढरी सबटायटल आली की तिच्याभोवती धुरकट वलय दिसतं. दुसरं, सगळं घर पाहतं म्हणताय ना? कोणी दिवाणावर, कोणी दाराशी बसणार. मिनी एलईडीत बहुतेक व्हीए जातीचं पॅनल (पडदा) असतं, ते बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात. ओएलईडीला ती अडचण नाही.

वायरमन_वरूड, १०:२५
भाऊ, पॅनलचं मागून पाहू. घरात लाईन कशी येते ते पयले सांगा. थ्री फेज आहे की सिंगल? शेतीपंप गावठाणाच्याच फीडरवर (सबस्टेशनातून येणाऱ्या लाईनवर) आहेत की येगळ्या? अर्थिंग केव्हा केलं? संध्याकाळी सात वाजता मल्टिमीटर लावून तीन आकडे द्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ.

कपाशी_दारव्हा, १०:३१
टीव्हीचा धागा आहे, अर्थिंगचा नाही. स्टॅबिलायझर घेणारच आहे.

वायरमन_वरूड, १०:४४
स्टॅबिलायझरनं भागत नाही, म्हणूनच ईचारलं. नव्या टीव्हीच्या मागं १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असते. म्हणजे लाईन १६० वर आली तरी तो चालतो, कमी दाबानं मरत नाही. मरतो तो न्यूट्रल तुटल्यावर. खांबावर न्यूट्रलचा जोड ढिला झाला की एका फेजवरच्या घरांत दाब चढते, दुसऱ्यावरच्या घरांत पडते, अन् २३० च्या जागी ३००-३५० येऊ शकते. पंख्याचा वेग एकदम वाढला, बल्ब झगझगला, की समजा न्यूट्रल गेला. तेवढ्या वेळात टीव्हीचा पॉवर बोर्ड उडालेला असते.
स्पाइक गार्डच्या पट्टीतलं एमओव्ही (झटका पिणारा छोटा भाग) क्षणभराचा झटका घेते. मिनिटभर ३५० आलं तर ते सोताच जळते. मेन बोर्डात डीपी एमसीबीच्या (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या मेन स्विचच्या) पुढं ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. वरची कट (जिथं तो लाईन तोडते) २६५-२७० व्होल्ट, खालची १७०. लाईन परत आल्यावर जोडायला किमान ३० सेकंद थांबणारा घ्या, कारण लाईन आली की पयले काही सेकंद ती नाचते.

आर्वीकर, १०:५५
स्टॅबिलायझर निरुपयोगी असं सरसकट नको. वरची कट असलेला चांगला स्टॅबिलायझरही जास्त दाबाला तोडतो.

वायरमन_वरूड, ११:०२
तोडते, पण फक्त टीव्हीपुरता. फ्रिज, सेट-टॉप बॉक्स, राउटर बाहेरच रायतात. बॉक्स जळला की एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीचं पोर्टही जाते. डीटीएचच्या छत्रीची वायर तर सरळ छतावरून येते. मृगाच्या गडगडाटात प्लग काढून भागत नाही, छत्रीची वायरही बॉक्समधून काढा.

मूर्तिजापूरची_ताई, गुरुवार सकाळी ७:१५
दादा, भिंत कशाची आहे? ६५ इंची टीव्ही २०-२५ किलोचा असतो. मातीच्या किंवा कच्च्या विटेच्या भिंतीत अँकर बोल्ट धरत नाही, वर्षभरात भोक मोठं होतं. तशी भिंत असेल तर १९ मिमीचा प्लायवूड आठ-दहा ठिकाणी धरून त्यावर ब्रॅकेट लावा, नाहीतर सरळ टेबलावर ठेवा. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत हवा, जमिनीपासून साधारण ४० इंच. टीव्ही छताजवळ टांगला की मान दुखते आणि व्हीए पॅनलचा रंगही बदलतो.

कपाशी_दारव्हा, ७:४०
बरं, सगळं लिहितो. हॉल २२ बाय १३. बसायची जागा ११ फुटांवर. पश्चिमेला मोठं दार, दिवसभर उघडं. वर टिनाचं छत, खाली पीओपी. भिंत भाजक्या विटेची. आईबाबा दिवसभर बातम्या लावतात, रात्री मालिका, सुट्टीत क्रिकेट. डीटीएच साधं, एचडी नाही. नेट मोबाईलचं. कूलर टीव्हीच्या बाजूच्या खिडकीत आहे. आता सांगा.

आर्वीकर, ८:२०
आता सांगता येतं. हे काल लिहिलं असतं तर रात्रीच उत्तर मिळालं असतं.
६५ इंची पडदा १४४ सेंमी रुंद. ४के चा एक पिक्सेल ०.३७ मिमी, फुल एचडीचा ०.७५ मिमी. ११ फुटांवरून निरोगी डोळ्याला साधारण १ मिमीपर्यंतचा बारकावा वेगळा दिसतो. म्हणजे तुमच्या दिवाणावरून ४के आणि फुल एचडी यांतला फरक कळणारच नाही. पण साध्या डीटीएचच्या चित्रात आडवे ७२० ठिपके, त्यातला एक ठिपका २ मिमीचा होतो. तो दिसेल, चेहरे पुसट वाटतील. सव्वा लाखाच्या टीव्हीवर हेच चित्र पाहायचं असेल तर पैसे वाया. पहिले एचडी बॉक्स घ्या, एचडीएमआयने जोडा, बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय निवडा.
मोबाईलच्या नेटचंही बघा. ४के ला १५ एमबीपीएस धरले तर तासाला पावणेसात जीबी. दीड जीबीचा रोजचा पॅक १३ मिनिटांत संपतो.

पडदावेडा, ८:३५
म्हणूनच तर ओएलईडी! पिक्सेल दिसत नसतील तर उरतो तो कॉन्ट्रास्ट, आणि त्यात ओएलईडीच्या जवळ कोणी जात नाही.

आर्वीकर, ८:५१
अंधाऱ्या खोलीत मान्य. इथे पश्चिमेचं दार उघडं आहे. दुपारी तीननंतर चकचकीत काचेवर अंगण दिसेल. पूर्ण पडदा उजळ असतो तेव्हा ओएलईडी स्वतःची चमक उतरवतो; क्रिकेटचं ऊन पडलेलं मैदान म्हणजे नेमकं तेच. मिनी एलईडी तिथे दमत नाही.
मोठी गोष्ट बातम्यांची. वाहिनीचं बोधचिन्ह आणि खालची लाल पट्टी दिवसाला आठ-आठ तास एकाच जागी. ओएलईडीत त्या जागेचे पिक्सेल आधी झिजतात. ते सावरायला टीव्ही बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये असताना, स्वतःची दुरुस्ती चालवतो. त्याला मागे वीज लागते. आपल्याकडे रात्री बोर्डाचं बटण बंद करायची सवय, आणि लाईन गेली तरी ती दुरुस्ती अर्धवट राहते. त्यात टिनाखालची गरमी. उष्णतेने झीज वेगाने होते. या घरात ओएलईडी मी लावणार नाही.

पडदावेडा, ९:०५
पिक्सेल सरकवणं, बोधचिन्ह मंद करणं, ही सोय नव्या टीव्हीत असते. तुम्ही जुनी भीती घालताय.

आर्वीकर, ९:१२
झीज मंदावते, थांबत नाही. रोज चार तास वेगवेगळं पाहणाऱ्याला मीही ओएलईडीच सांगेन. बाजूने रंग फिके पडतात हा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे. कपाशीदादा, दुकानात बाजूला ४५ अंशांवर उभे राहून बघा. पटलं नाही तर खुर्च्या समोर घ्या.

सावनेर_सुपर, ९:४०
प्रोजेक्टर घ्या, १०० इंच मिळतो, अर्ध्या पैशात.

मूर्तिजापूरची_ताई, ९:४४
दिवसभर बातम्या, दार उघडं, आणि प्रोजेक्टर? भिंतीवर काहीच दिसणार नाही.
कूलर हलवा, दादा, हे सगळ्यांत आधी. कूलरच्या हवेत बारीक थेंब असतात आणि आपल्याकडचं बोरचं पाणी क्षाराचं. ते थेंब मागच्या जाळीतून आत जाऊन वाळतात, क्षार उरतो. पॅनलच्या कडेला केसासारख्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या गंजल्या की पडद्यावर उभ्या रेषा येतात. ती दुरुस्ती म्हणजे नवं पॅनल, जवळपास टीव्हीच्याच किमतीचं. ओलाव्याचं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही. आणि मॅन्युअल उघडून बघा, वापराचं तापमान बहुतेक ४० अंशांपर्यंतच दिलेलं असतं. मे महिन्यात दुपारी टिनाखाली त्याहून जास्त होतं. मागे चार बोटं जागा सोडा, वर हातभर.

धामणगाव_एक्सप्रेस, १०:१०
डीटीएच सोडा, फ्री डिश लावा. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. आपल्या भागातून आग्नेयेला, होकायंत्रावर साधारण १४० अंश, उंचीचा कोन ६०. ऑफसेट छत्री दिसायला उभी वाटते, तिला आणखी वाकवू नका.

आर्वीकर, १०:१८
त्यांनी ते विचारलेलं नाही.

कपाशी_दारव्हा, संध्याकाळी ७:२०
मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल १७८, फेज-अर्थ १८९, न्यूट्रल-अर्थ ११. सिंगल फेज. दुकानात काय काय तपासू तेही सांगा.

वायरमन_वरूड, ७:३५
न्यूट्रल-अर्थ ११ लय झाले, २-३ च्या आत पाह्यजे. एक तर न्यूट्रलचा जोड ढिला, नाहीतर वायर बारीक. घरच्या वीजमीटरपाशीही मोजा. तिथंही ११ असले तर दोष बाहेरचा, लाईनमनले सांगा. तिथं कमी असले तर घरातले जोड तपासा. सोबत अर्थिंगचा खड्डाही पाहा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपापासून सुटते. मीठ-कोळसा नवा भरा, उन्हाळाभर आठवड्याले दोन बादल्या पाणी टाका. हे झाल्याशिवाय नवा टीव्ही जोडू नका.

आर्वीकर, ८:०२
दुकानात टीव्ही व्हिव्हिड मोडवर असतो. तो सिनेमा किंवा फिल्ममेकर मोडवर आणायला लावा. बातम्यांची वाहिनी लावून खालची धावती पट्टी बघा. अक्षरं धक्के घेत जात असतील तर मोशनचं सेटिंग कमी-जास्त करून बघा. पेनड्राइव्हमध्ये एकरंगी राखाडी चित्र न्या. त्यावर डाग किंवा उभे पट्टे दिसले तर तेच मैदानावर क्रिकेटमध्ये दिसतील. डॉल्बी व्हिजन (उजेड-अंधार खुलवणारं तंत्र) हवं असेल तर सॅमसंगमध्ये ते नसतं, त्याच कामाचं एचडीआर१०+ असतं. तुमच्या डीटीएचला दोन्हींचा उपयोग नाही.
३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. सूट जुन्या छापील किमतीवर दाखवतात का ते बघा. आणि तुमच्या पिनकोडवर कंपनीचा माणूस घरी येतो का, हे पैसे देण्याआधी विचारून पक्कं करा.

कपाशी_दारव्हा, ८:२०
मिनी एलईडी पक्का. पण शनिवारी उचलत नाही, अर्थिंग आणि एचडी बॉक्स आधी. ऑफर जाईल, जाऊ द्या. आणायला पिकअप आहे, गादीवर आडवा टाकला तर चालेल ना?

मूर्तिजापूरची_ताई, ८:२३
नाही! पेटी उभीच ठेवायची, केबिनच्या मागच्या बाजूला टेकवून दोरीने बांधायची. आडवी टाकली की खड्ड्यात पॅनल मधे वाकतं आणि तडकतं. पेटी कंपनीचा माणूस आल्यावरच फोडा, तोवर टेपही काढू नका.