मदत हवी आहे: एएस/४०० वरचा नेटवर्क ड्राइव्ह सकाळी 'ॲक्सेस डिनाइड', नेटसर्व्हर रीस्टार्ट केला की सुरळीत

रात्रपाळी:
मंडळी, डोकं चालेनासं झालंय. आमच्याकडे आयबीएम आय ही सर्व्हर सिस्टीम (आम्ही अजून एएस/४००च म्हणतो) ७.४ आहे. त्याच्या आयएफएसमधलं (म्हणजे फाइल सिस्टीममधलं) एक फोल्डर नेटसर्व्हरवरून (विंडोज पीसींना फोल्डर देणारी त्याची सेवा) शेअर केलंय आणि अकाउंट्सच्या सगळ्या विंडोज पीसींवर ते एक्स ड्राइव्ह म्हणून मॅप आहे. सगळे पीसी एकाच कॉमन प्रोफाइलने (यूजर खात्याने) जोडले जातात. (ही व्यवस्था माझ्या आधीपासूनची आहे, त्यावरून बोलणी नकोत.)

गेले काही आठवडे सकाळी ड्राइव्ह उघडेनासा होतो. गंमत म्हणजे लवकर येऊन पीसी सुरू करणाऱ्यांचं काम दिवसभर बिनबोभाट चालतं, उशिरा येणारे अडकतात. ग्रीन स्क्रीनवर (मशीनच्या टर्मिनलवर) प्रोफाइल एनेबल्ड दिसतं, त्याच प्रोफाइलने साइन-ऑनही होतं. नेटसर्व्हर ज्यात चालतो त्या क्यूसर्व्हर सबसिस्टीममधले जॉब चालू आहेत, पिंग व्यवस्थित. नेटसर्व्हर बंद करून चालू केला की सगळं ठीक, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या साहेबांचं ठाम मत आहे की मशीन म्हातारं झालं, आता विंडोज सर्व्हर घ्या. कुणाला असा अनुभव?

केबलवाला:
पीसी विंडोज ११ वर गेलेत का? त्याच्या २४एच२ आवृत्तीपासून एसएमबी (विंडोजचा फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल) सायनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर डिजिटल सही, सक्तीचं झालंय. नेटसर्व्हरच्या सेटिंगमध्ये सायनिंग बंद असेल तर नवे पीसी जोडलेच जात नाहीत. जुन्या एसएमबी १ चंही बघा, विंडोज १० च्या १७०९ पासून ते नव्या इन्स्टॉलमध्ये येत नाही.

रात्रपाळी:
काही १०, काही ११. अडकणाऱ्यांत दोन्ही आहेत. आणि काल अडकलेला पीसी आज लवकर सुरू केला तर चालतो.

हिरवापडदा:
मग सायनिंग नाही. ते असतं तर तो पीसी कधीच जोडला गेला नसता आणि रीस्टार्टनेही फरक पडला नसता.

तुमचं प्रोफाइल डिसेबल होतंय, पण फक्त नेटसर्व्हरपुरतं. प्रोफाइलचा स्टेटस वेगळा आणि नेटसर्व्हरचा वेगळा. एसएमबीवरून चुकीचा पासवर्ड क्यूमॅक्ससाइन या सिस्टीम व्हॅल्यूइतक्या (चुकीच्या साइन-ऑनची मर्यादा) वेळा आला की नेटसर्व्हर त्या यूजरला दार बंद करतो. ग्रीन स्क्रीनला त्याचा पत्ताच नसतो, तिथे एनेबल्डच दिसत राहतं. आधीपासून जोडलेली सेशन चालू राहतात, नव्यांना नकार मिळतो. तुमचे लवकर येणारे म्हणून सुटतात.

रीस्टार्टने अशी डिसेबल झालेली सगळी प्रोफाइल्स परत चालू होतात. त्यामुळे सर्व्हरच बिघडलाय असं वाटतं, आणि खरा चोर मजेत फिरत राहतो. कृपा करून भर कामाच्या वेळी नेटसर्व्हर बंद करू नका, लोकांच्या फाइली उघड्या असतात. त्या प्रोफाइलवर नुसती 'चेंज यूजर प्रोफाइल' कमांड चालवा, काहीही न बदलता. तेवढ्याने ते नेटसर्व्हरसाठी पुन्हा एनेबल होतं.

खात्री करायची असेल तर क्यूसिसऑपर या सिस्टीम ऑपरेटरच्या मेसेज क्यूमध्ये सीपीआयबी६८२ हा मेसेज शोधा, प्रोफाइल नेटसर्व्हरसाठी डिसेबल झालं की तो पडतो. एक झटपट चाचणीही आहे: पुढच्या वेळी ड्राइव्ह अडकला की त्याच पीसीवर, त्याच प्रोफाइलने ॲक्सेस क्लायंट सोल्युशन्स या आयबीएमच्या पीसीवरच्या सॉफ्टवेअरमधून आयएफएस उघडा. ते दुसऱ्या फाइल सर्व्हरमधून जातं, पोर्ट ८४७३. तिथे फोल्डर दिसलं तर नेटवर्क आणि फोल्डरच्या ऑथॉरिटीवर संशय घेऊ नका.

रात्रपाळी:
सापडला! सीपीआयबी६८२ रोज सकाळी येतोय. आमची क्यू प्रिंटरच्या मेसेजनी इतकी तुंबलेली असते की तिकडे कुणी बघतच नाही. क्लायंट सोल्युशन्समधून फोल्डर लगेच उघडलं. आता हा चुकीचा पासवर्ड पाठवतंय कोण?

हिरवापडदा:
त्या प्रोफाइलचा पासवर्ड अलीकडे बदललाय?

रात्रपाळी:
हो, मुदत संपली म्हणून मागच्या महिन्यात. सगळ्या पीसींवर नवा टाकला.

हिरवापडदा:
सगळ्या म्हणजे लोक समोर बसतात त्या. जिथे कुणी बसत नाही ते आठवा: स्कॅन टू फोल्डर करणारं कॉपियर, रात्री चालणाऱ्या बॅच फाइली, कुणाच्या तरी क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवलेला जुना पासवर्ड. विंडोज न विचारता तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहतं.

अंदाज करत बसायचीही गरज नाही. ऑडिट जर्नल (सुरक्षेच्या घटनांची नोंदवही) चालू असेल आणि ऑडिट लेव्हलमध्ये ऑथॉरिटी फेल्युअर असेल, तर 'कॉपी ऑडिट जर्नल एंट्रीज' कमांडने व्हीपी प्रकारच्या नोंदी काढा. नेटवर्क पासवर्डच्या चुका तिथे पडतात, कॉम्प्युटरच्या नावासकट. फाइल क्यूटेम्प या तात्पुरत्या लायब्ररीत तयार होते, एसक्यूएलने वाचा. वेळ सीपीआयबी६८२ च्या वेळेशी ताडून बघा.

केबलवाला:
हे मलाही माहीत नव्हतं. आम्ही इतकी वर्षं सरळ रीस्टार्ट मारतोय.

रात्रपाळी:
व्हीपी नोंदींत एकच नाव, गोदामातल्या जुन्या पीसीचं. त्यावर एक शेड्यूल्ड टास्क आहे, सकाळी एक्स ड्राइव्ह जोडून स्टॉकची फाइल ठेवायचा, नाही जमलं तर थोड्या थोड्या वेळाने परत प्रयत्न. ती फाइल आता कुणी वापरत नाही, म्हणून ती येत नाही हेही कुणाला कळलं नाही. टास्क बंद केला. आज उशिरा येणाऱ्यांचाही ड्राइव्ह उघडला. साहेबांनी नव्या सर्व्हरचं कोटेशन मागवलं होतं, ते तूर्त बाजूला पडलंय.

एक शेवटचं. पुन्हा असं झालं तर लोक ओरडायच्या आधी मला कळेल असं काही करता येईल?

हिरवापडदा:
'स्टार्ट वॉच' कमांड बघा. क्यूसिसऑपरवर सीपीआयबी६८२ साठी वॉच लावा, मेसेज पडला की तुमचा छोटा प्रोग्रॅम चालेल आणि तो तुम्हाला मेल करेल. आयपीएलनंतर (मशीन रीस्टार्ट झाल्यावर) वॉच आपोआप परत लागत नाही, म्हणून ती ओळ स्टार्टअप प्रोग्रॅममध्ये टाका. आणि बोलणी नकोत म्हणालात तरी सांगतो: कॉमन प्रोफाइल एकदाचं मोडा. प्रत्येकाला स्वतःचं प्रोफाइल, टास्क आणि कॉपियरला वेगळं. मग एका पीसीचा जुना पासवर्ड अख्ख्या अकाउंट्सला अडवणार नाही.