अनुभव धागा: महापालिकेच्या प्रस्तावावर तुमच्या मंचाने भूमिका घेतली तेव्हा काय झालं?

पुण्यात पेठेपेठेत, उपनगरात, टेकड्यांच्या पायथ्याशी रहिवाशांचे मंच आहेत. महापालिकेचा प्रस्ताव आला की आपलं म्हणणं लेखी द्यायचं, ही या शहराची जुनी सवय. 2013 मध्ये जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर 87 हजारांच्या आसपास हरकती-सूचना गेल्या. आराखडा राज्य सरकारने मंजूर केला 2017 मध्ये. त्या हरकतींमागे किती घरांत नकाशे फरशीवर पसरले गेले, किती सोसायट्यांत भांडणं झाली, हे कुणी लिहून ठेवलं नाही. म्हणून हा धागा.

नुसतं 'आम्ही विरोध केला' किंवा 'पाठिंबा दिला' नको. भूमिका ठरली कशी, मंचातल्या कुणाला ती पटली नव्हती, त्या माणसांचं तुम्ही काय केलंत, कागदावर नेमकं काय लिहिलंत, ते सांगा. माझं मत आधीच सांगून टाकते. मंचातला मतभेद दडवून दिलेलं निवेदन पहिल्याच प्रश्नाला कोलमडतं. तुमचा अनुभव वेगळा असेल तर तोही हवाच आहे. अधिकाऱ्यांची, शेजाऱ्यांची नावं मात्र लिहू नका.

प्रभात रस्ता परिसर

आमची गोष्ट 2020 ची. शहरातले 6 मीटर रुंदीचे 323 रस्ते 9 मीटर करायचे, असा प्रस्ताव आला. ऐन कोरोनात. सभा घेणं शक्यच नव्हतं, सगळी चर्चा फोनवर.

बाहेरच्यांना वाटतं, रस्तारुंदीला विरोध म्हणजे बंगलेवाल्यांचा विरोध. तसं अजिबात नव्हतं. 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसरीकडच्या जागेच्या बदल्यात मिळणारा जादा बांधकामाचा हक्क) वापरता येत नव्हता, म्हणून आमच्याकडच्या लिफ्ट नसलेल्या तीन मजली सोसायट्यांचा पुनर्विकास वर्षानुवर्षं अडला होता. बिल्डर यायचे, रस्ता बघायचे आणि पुन्हा फोन करायचे नाहीत. या लोकांना प्रस्ताव हवा होता. उलट ज्यांचं घर रस्त्याला खेटून आहे, त्यांची दीड मीटर जागा आणि कुंपणाची भिंत जाणार होती. एकाच मंचात दोन्ही प्रकारची माणसं, आणि दोघांचंही म्हणणं खरं.

आम्ही ठरवलं की मत देण्याआधी रस्ता मोजायचा. चौघं जण मास्क लावून मोजपट्टी घेऊन सकाळी लवकर बाहेर पडलो. या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत. कागदावर सहा मीटरचा रस्ता एका टोकाला साडेपाच भरला, मधे सहाच्या वर गेला. एका ठिकाणी विजेचा फीडर पिलर, त्याला लागून आंबा, आंब्याच्या मुळांनी उचकटलेल्या पदपथाच्या फरश्या, आणि तो पदपथ चुकवून लोक जिथून चालतात तिथे लावलेली गाडी. सगळ्या नोंदी आम्ही हातानेच नकाशावर काढल्या: झाडाचा प्रकार, बुंध्याचा घेर, ड्रेनेजची झाकणं. तो नकाशा सगळ्यांच्या फोनवर गेला, तेव्हा पहिल्यांदा वाद थोडा खाली उतरला. आता सगळे एकाच रस्त्याबद्दल बोलत होते.

निवेदन दोन भागांत लिहिलं. पहिल्यात एकमताचं: 323 रस्ते एका ठरावात घेऊ नका, प्रत्येक रस्त्याचं मोजमाप, झाडांची यादी, पाणी आणि ड्रेनेजची क्षमता आधी जाहीर करा. दुसऱ्यात मतभेद, दोन्ही बाजूंच्या कारणांसकट. 'असं लिहिलं तर आपण दुबळे दिसू' म्हणून काहींनी जोरदार हरकत घेतली. मला आजही वाटतं की तोच भाग सगळ्यात बळकट होता. तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी फोनवर सांगितलेलं वाक्य आम्ही जसंच्या तसं घातलं: 'मला मोठा रस्ता नकोय, मला लिफ्ट हवी आहे.' त्या वाक्याने आमची मागणीच बदलली. रुंदी न वाढवता जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला वाव द्या, अशी ती झाली, आणि रुंदीकरणाच्या बाजूच्या बऱ्याच जणांनी तिच्यावर सही केली.

औंध

आमचं काम झाडांपुरतं, आणि त्यात वेळेचीच लढाई. वृक्षतोडीची नोटीस झाडावर लागते आणि हरकतीला सात दिवस मिळतात. त्यात शनिवार-रविवार आले की हातात उरतं ते काय! म्हणून फिरायला जाणाऱ्या बायकांनी रस्ते वाटून घेतले आहेत. खोडावर नवा कागद दिसला की फोटो लगेच ग्रुपवर.

हरकत 'झाडे वाचवा' अशी लिहीत नाही. झाडाचा क्रमांक, जात, घेर, आणि हे झाड ठेवून पदपथ कसा वळवता येईल याचं कच्चं रेखाटन, एवढं देतो. 2021 च्या कायदा दुरुस्तीनंतर 50 वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे, म्हणून वयाचा मुद्दाही घालतो. एका पदपथाच्या कामात अशी पिंपळाची आणि पर्जन्यवृक्षाची झाडं जागच्या जागी राहिली. तिथे आता आळं करून बसायला कट्टा केला आहे. तिथून जाताना मला अजून आनंद होतो, तो लपवायचं काही कारण नाही.

सहकारनगर

मी लिहिणार ते काहींना आवडणार नाही. आमच्या मंचात 'चौकातल्या हातगाड्या हटवा' असं पत्र तयार झालं होतं. मसुदा सुंदर होता, फोटो जोडलेले, सह्याही झाल्या होत्या. मी सही केली नाही. ज्या भाजीवाल्या मावशींकडून सह्या करणारे निम्मे लोक रोज भाजी घेतात, त्यांच्याविषयी आपण त्यांना न विचारता पत्र पाठवतोय, एवढंच मी बैठकीत म्हणाले.

बराच वेळ गरमागरमी झाली. मग कुणीतरी 2014 चा पथविक्रेता कायदा वाचून आलं. त्यात शहर फेरीविक्रेता समितीचे किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात, आणि सर्वेक्षण व्हायच्या आधी कुणाला उठवता येत नाही. म्हणजे आमचं पत्र कायद्यापुढे टिकणारच नव्हतं. पुढच्या बैठकीला मावशी आणि वडापाववाले दादा आले. दादांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, 'काका, मलापण तिथं उभं राहायचं नाही, बस वळताना माझ्या कढईला घासून जाते.' त्यांना चौकापासून थोडं आत, शाळेच्या बंद भिंतीलगत जागा हवी होती. पण संध्याकाळी दिवा नाही म्हणून तिथे गिऱ्हाईक येत नाही.

नवं पत्र असं गेलं: भिंतीलगतच्या जागेत दिवा, पाण्याचा नळ आणि कचऱ्याची सोय करा, विक्रेते तिथे जायला तयार आहेत, त्यांच्या सह्या सोबत. मूळ पत्र लिहिणारे गृहस्थच हे नवं पत्र घेऊन कार्यालयात गेले. दिवा लागला. नळाचं अजून व्हायचं आहे, आमचा पाठपुरावा चालू आहे.

कोथरूड

वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या वादात मी रस्त्याच्या बाजूने होतो आणि आजही आहे. आमच्या महासंघाने विरोधाची भूमिका घेतली. धागाकर्तीने 'न पटलेल्यांचं काय केलंत' असं विचारलंय, म्हणून लिहितो.

मला बैठकीत पुरेसा वेळ दिला गेला. मी म्हणालो, दोन किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता झाला तर विधी महाविद्यालय रस्त्यावरची कोंडी थोडी तरी सैल होईल. नळस्टॉपला उड्डाणपूल आणि वर मेट्रो होऊनही संध्याकाळी तिथून निघणं नको होतं. समोरून उत्तर आलं ते टेकडीच्या पोटातल्या पाण्याचं. पावसाचं पाणी वेताळ टेकडीत मुरतं, तेच आपल्या बोअरवेलना पुरतं. 30 मीटरचा रस्ता तिच्या अंगावरून गेला तर मुरण्याची वाटच तुटेल. आमच्या सोसायटीची बोअर एप्रिलमध्ये आटते, तेव्हा हा मुद्दा मला कळत नव्हता असं नाही. पण कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेचंही काहीतरी उत्तर हवं ना?

ते उत्तर त्यांनी निवेदनात घातलं, हे मला मोलाचं वाटतं. विरोधाच्या मुद्द्यांच्या खाली जादा बस, सिग्नलच्या वेळा, विधी महाविद्यालय रस्त्यावरचं बेशिस्त पार्किंग असा वेगळा भाग जोडला आणि त्याचं लेखन माझ्याकडे दिलं. 15 एप्रिल 2023 ला वेताळबाबा चौकातून मोर्चा निघाला, त्यात मी गेलो नाही. पण महासंघ सोडलेला नाही. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आले, नगरसेवकच नव्हते. त्या काळात म्हणणं मांडायला असे मंचच उरले होते.

कर्वेनगर

प्रत्येक वेळी विरोधच कशाला? 2006-07 पासून पुण्यात नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपल्या प्रभागातलं पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं. लोकांना हे माहीतच नसतं, आणि माहीत असलं तर सगळे बाकं मागतात.

आमच्या महिला मंडळाने शाळेसमोरच्या पावसाळी गटाराचं चेंबर सुचवलं. अर्जावर 'रस्त्यावर पाणी साचते' असं लिहिलं तर काम कुठलं ते कुणालाच कळत नाही, म्हणून आम्ही विजेच्या खांबाचा क्रमांक, जवळच्या दुकानाची खूण आणि पाणी कुठून कुठे वाहतं याचा बाण काढला. पावसात मुलांचे बूट कुठपर्यंत भिजतात, त्या रेषेचा भिंतीवरचा फोटोही जोडला. नंतर अंदाजपत्रकाचं पुस्तक आलं की आपलं काम त्यात शोधायचं. आमचं सापडलं, पण शीर्षक बदलून 'पदपथ सुधारणा' झालं होतं! लगेच लेखी कळवलं म्हणून चेंबरच झालं. अर्ज दिला म्हणजे काम झालं, असं समजून कुणी घरी बसू नका.

बाणेर

छोटी पण उपयोगाची गोष्ट. पुण्यात 2009 च्या सुमाराला दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना फाईल बघू देण्याची पद्धत सुरू झाली, माहिती अधिकाराचा अर्ज न करता. आम्ही निवेदन लिहिण्याआधी फाईल बघतोच. एका रस्त्याच्या फाईलमध्ये आमच्याच सोसायटीची जुनी संमती निघाली, आधीच्या कार्यकारिणीने दिलेली. ती न बघता विरोधाचं पत्र दिलं असतं तर सुनावणीत तोंडावर पडलो असतो. आधी सर्वसाधारण सभेत नवा ठराव घेतला, मग हरकत दिली.

धनकवडी

मिळकतकराबद्दल दोनच ओळी. स्वतः राहत असलेल्या घराला 1970 पासून मिळणारी 40 टक्के सवलत बंद झाली, तेव्हा पक्ष कुठलाही असो, सगळ्या सोसायट्या एकत्र आल्या. 2023 मध्ये ती परत मिळाली. पण पीटी-3 अर्ज भरला तरच. आम्ही ज्येष्ठांसाठी गेटजवळ टेबल टाकून अर्ज भरून दिले. निर्णय झाल्यावरही मंचाचं काम उरतं, ते असं.

सिंहगड रस्ता

25 जुलै 2024 ला पहाटे नदीचं पाणी आमच्या पार्किंगमधून तळमजल्याच्या घरांत शिरलं. खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला होता. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता, आणि शेजारच्या आजोबांना खुर्चीसकट वर आणावं लागलं.

त्यानंतर भूमिकेचा प्रश्न आला, आणि मंच तीन ठिकाणी फुटायच्या बेतात होता. काही जण म्हणाले, संरक्षक भिंत मागा. काही म्हणाले, भिंत नको, पाणी समोरच्या काठावर जाईल, तिथेही माणसंच राहतात. तळमजल्यावरच्यांना पुनर्विकासाशिवाय काही ऐकायचं नव्हतं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. नदीकाठ सुधारणेचा 44 किलोमीटरचा प्रकल्प तर सगळ्यांच्या बोलण्यात होताच.

आम्ही आधी पूररेषा शिकलो. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमच्यातल्या एका निवृत्त ओव्हरसिअरनी नकाशावर प्रत्येक इमारत दाखवली. भिंतीच्या प्रश्नावर मतदान घ्यायचं नाही, असं ठरलं, कारण जलशास्त्र हात वर करून ठरत नाही. त्याऐवजी जे सगळ्यांना हवं तेच मागितलं: पूररेषांची नव्याने मोजणी, नदीपात्रातला राडारोडा काढणं, पुनर्विकासाबाबत लेखी धोरण, आणि विसर्गाची सूचना रात्री-अपरात्रीसुद्धा थेट गल्लीत पोहोचेल अशी व्यवस्था. भिंतीबाबत मंचात एकमत नाही, हे पत्रात स्पष्ट लिहिलं. पुनर्विकासाचा मुद्दा तळमजल्यावरच्या कुटुंबांनी स्वतः लिहिला, आम्ही त्यातला शब्दही बदलला नाही.

शेवटच्या मागणीसाठी आम्ही एक तक्ता केला. किती क्युसेक पाणी सोडलं की कुठल्या गल्लीत, कुठल्या पायरीपर्यंत पाणी येतं, हे जुन्या रहिवाशांना विचारून, भिंतीवरचे डाग बघून मांडलं. 'अमुक हजार क्युसेक' ऐकून कुणी गाडी हलवत नाही, 'तुमच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागेल' म्हटलं की हलवतात. तक्ता प्रत्येक जिन्यात लावला आहे, एक प्रत निवेदनासोबत दिली आहे. या पावसाळ्याच्या आकड्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा देणार आहोत. नदीकाठच्या इतर सोसायट्यांना नमुना हवा असेल तर इथेच लिहा, पाठवतो.