गायरान कंपनीला देण्यापेक्षा गावानेच सौर प्रकल्प का उभारू नये?

कोरडवाहू:
पुढच्या ग्रामसभेत आमच्याकडे विषय आहे: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०साठी गायरानातली जागा द्यायची का. योजनेला माझा विरोध नाही. वीज उपकेंद्राजवळ कंपनीचा सौर प्रकल्प, त्याची वीज शेतीच्या फिडरला (पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीला), म्हणजे पंप दिवसा चालणार. रात्रपाळीच्या आठवड्यात बिबट्याच्या धास्तीनं बॅटरी घेऊन दारं धरायला जाणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

माझा मुद्दा मालकीचा आहे. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आणि दरसाल ३ टक्के वाढ. गायरान मात्र नाममात्र भाड्यावर जातं आणि ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तेही तीनच वर्षं. आता दुसरी बाजू बघा. १ मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, आपल्या उन्हात वर्षाला १५-१६ लाख युनिट निघतात. युनिटला ३ रुपये धरले तरी ४५ लाखांच्या वर वीज झाली, आणि करार २५ वर्षांचा. ऊन आपलं, जमीन आपली, फिडर आपला, आणि पदरात एकूण १५ लाख?

हे कुणी केलंय का, म्हणाल तर तामिळनाडूत मेट्टुपाळयमजवळच्या ओदन्थुराई ग्रामपंचायतीने २००६मध्ये बँकेचं कर्ज काढून ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली. उरलेली वीज ती वीज मंडळाला विकते. आपल्या ग्रामपंचायती पथदिव्यांचं बिल थकवण्यापलीकडे कधी जाणार?

कॅशबुक:
४५ लाख ही विक्री झाली, नफा नव्हे. बँकेत कर्जाच्या फायली बघण्यात नोकरी गेली म्हणून सांगतो. मेगावॅटला ४ कोटी धरा. कुसुमचं, म्हणजे शेतीच्या सौरविजेसाठीच्या केंद्राच्या योजनेचं अनुदान मिळालं तर १ कोटी ५ लाख वजा. गावानं ३५ लाख उभे केले असं समजू (कुठून, ते तुम्ही सांगा). राहिलं २ कोटी ६० लाखांचं कर्ज. साडेनऊ टक्के, दहा वर्षं, म्हणजे वर्षाचा हप्ता ४१ लाखांच्या घरात. पॅनल धुणं, राखण, विमा, इन्व्हर्टरची दुरुस्ती यांचे चार-पाच लाख वेगळे. दहा वर्षं हातात भोपळा. तेवढ्यात दोन निवडणुका होतात. नवा सरपंच जुन्याच्या काळातला हप्ता मनापासून भरेल?

आणि तामिळनाडूपर्यंत कशाला जाता? श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था विसरलात काय? सभासदांचीच होती ना? थकबाकीचा डोंगर झाला, २०११मध्ये परवाना गेला आणि तो भाग महावितरणकडे आला.

कोरडवाहू:
कॅशबुक साहेब, हप्ता पंधरा वर्षांचा केला तर ३३ लाखांवर येतो आणि वर्षाला सात-आठ लाख सुटतात. शेवटची दहा वर्षं तर कर्जच नाही.

मुळा-प्रवराचं उदाहरण इथं लागू नाही. ती संस्था वीज विकत घेऊन घरोघर, शेतोशेत वाटत होती. वसुली झाली नाही तर संस्था बुडणारच. इथं गिऱ्हाईक एकच, महावितरण. मीटर प्रकल्पाच्या गेटवर. गावात कुणी आकडा टाकला काय नि न टाकला काय, प्रकल्पाच्या उत्पन्नाला धक्का नाही.

कॅशबुक:
एकच गिऱ्हाईक, आणि त्यानं पैसे तीन महिने उशिरा दिले तर? कंपनी ते सोसते, तिचे पन्नास प्रकल्प असतात. तुमचा एकच असणार. हप्ता चुकला की बँक महावितरणला नाही, तुम्हाला नोटीस काढते.

माळावरची:
तुम्हा दोघांच्या हिशेबात एक गोष्ट नाही. गायरानावर आज कोण आहे? दोन्ही हिशेबांत ती जमीन रिकामीच धरली आहे. आमच्या भागात त्या 'रिकाम्या' जमिनीवर मेंढरं चरतात आणि भूमिहीन दलित कुटुंबं तीन पिढ्या बाजरी-मटकी काढतात. दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह, १९५९चा आणि १९६४चा, कशासाठी झाले होते? १४ एप्रिल १९९०पूर्वीची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय आहे. तरी कित्येकांच्या नावाचा सातबारा अजून निघालेला नाही. तारेचं कुंपण पडलं की तो कधीच निघणार नाही.

मालक कंपनी असो की ग्रामपंचायत, कुंपणाबाहेर राहणारी माणसं तीच. उलट गावचा प्रकल्प म्हटलं की विरोध करणारा गावद्रोही ठरतो. विहीर असलेल्याला दिवसा वीज मिळावी म्हणून विहीर नसलेल्याची जमीन जाते, याला 'लोकसहभाग' म्हणवत नाही मला.

एक-वाचक:
पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीनं २०२४मध्ये घरांच्या छतांवर सौर केलं, राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. तसं करा की, जमिनीचा प्रश्नच नाही.

कोरडवाहू:
छतावर घराचे दिवे-पंखे चालतात. साडेसात एचपीचा पंप नाही.

पाणलोट:
माझा विरोध वेगळाच. एप्रिल २०२४पासून साडेसात एचपीपर्यंत शेतीची वीज फुकट आहे. आता ती दिवसा, पूर्ण दाबानं देणार. मग पाणी किती उपसलं जाईल याचा विचार केलाय? दुष्काळात टिकायचं तर आधी पाण्याचा हिशेब लागतो, वीज नंतर. हिवरे बाजारात दरवर्षी पावसाचं मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात. शेतीसाठी बोअरवेलला तिथं बंदी आहे. ज्या गावात शेततळी पावसाऐवजी बोअरच्या पाण्यानं भरतात, तिथं हे पॅनल म्हणजे आगीत तेल.

कोरडवाहू:
पाणलोट भाऊ, रात्रीच्या विजेवर पाणी वाचतं असं वाटत असेल तर एकदा आमच्या शिवारात या. सगळ्यांच्या स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. वीज आली की मोटर सुरू, मालक घरी झोपलेला, पाणी वाफ्यातून शेजारच्या बांधावर. दिवसा वीज असली की माणूस उभा राहून पाणी देतो, ठिबकही नीट चालवतो. तास तेवढेच, आठ.

पाणलोट:
ऑटोचं खरं आहे. पण दिवसा तरी मोटर लवकर बंद करायला कारण काय? गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी २०१६मध्ये शेतकऱ्यांची सौर सहकारी संस्था झाली. पंप त्यांचे, पॅनल त्यांचे, न वापरलेली वीज ते ग्रिडला विकतात. उपसा कमी केला तर शेतकऱ्याच्या खिशात थेट पैसे येतात. तुमच्या प्रकल्पात एखाद्यानं उसाऐवजी हरभरा घेतला तर त्याला काय मिळणार? काही नाही. गावाची मालकी, गावाची मालकी म्हणता, पण पाणी वाचवणाऱ्याला त्यात वाटा नाही.

कोरडवाहू:
हे मला पटण्यासारखं आहे. नफ्याची वाटणी पाण्याच्या ताळेबंदाशी जोडता येईल. ताईंच्या मुद्द्यावर: ठरावात 'कसलेली किंवा चराईची जमीन वगळून' अशी अट घालू.

माळावरची:
वगळून उरतं ते उपकेंद्रापासून लांबचं खडकाळ टेकाड. तलाठ्याला घेऊन एकदा शिवारफेरी करा, मग ठराव लिहा. आणि ती ग्रामसभा पुरुषांची पंधरा टाळकी जमवून, रजिस्टर घरोघर फिरवून करू नका.

कोरडवाहू:
मग खासगी पड जमीन घेऊ. पण मालकी सोडायची नाही.

कॅशबुक:
घ्या की. दोन हेक्टरचं अडीच लाख भाडं, दरसाल ३ टक्क्यांनी वाढणारं, आता तुमच्याच खर्चात धरा. तुमच्या त्या सात-आठ लाखांतून ते वजा करून किती उरतात ते इथंच लिहा. मग ३५ लाखांच्या वर्गणीचं बोलू.