बँडच्या प्रेस किटमध्ये नेमके काय असावे?

प्रश्न (फोंडा):
आमचा बँड घुमट व शामेळ ही गोव्यातली तालवाद्ये आणि गिटार यांच्या साथीने मराठी व कोकणी गाणी सादर करतो. महोत्सवांच्या आयोजकांना आणि वृत्तपत्रांना पाठवण्यासाठी प्रेस किट तयार करताना सदस्यांचे परिचय, छायाचित्रे आणि गाण्यांचे बोल मिळून ४० पानांची पीडीएफ झाली आहे. ती तशीच पाठवावी का?

उत्तर (पणजी, वृत्तपत्रात काम):
तशी पाठवू नये. संध्याकाळी पान लावताना उपसंपादकाला तयार मजकूर हवा असतो, म्हणून बँडचा परिचय तृतीयपुरुषी, एक पन्नास शब्दांचा आणि एक तीनशे शब्दांचा असा द्यावा, आणि तो कॉपी करता येईल अशा फाइलमध्ये असावा. ‘गोमन्तक’, ‘तरुण भारत’, ‘नवप्रभा’ यांच्यासाठी मराठी मजकूर वेगळा लिहावा. सदस्यांची नावे रोमन लिपीतच पाठवली तर आमच्याकडे ती हमखास चुकीची छापली जातात. छायाचित्रे ३०० डीपीआयची (म्हणजे छपाईला पुरेल इतकी स्पष्ट), एक आडवे व एक उभे, छायाचित्रकाराच्या नावासह ड्राइव्हच्या दुव्याने द्यावीत, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवल्यास त्यांचा दर्जा घसरतो. बोल वगळले तरी चालतील.

उत्तर (मडगाव, ध्वनियोजना):
आयोजकांसाठी रंगमंचाचा आराखडा आणि माइकची यादी वेगळ्या पानावर हवी. गिटार कुठल्याही ध्वनितंत्रज्ञाला कळते. घुमटाचे तसे नाही. मातीच्या भांड्याच्या एका तोंडावर चामडे आणि दुसरे लहान तोंड उघडे, जे वादक डाव्या हाताने झाकत-उघडत खर्ज बदलतो, ही रचना गोव्याबाहेरच्या माणसाला ठाऊक नसते, त्यामुळे दोन्ही बाजूंना माइक लागणार असेल तर तसे स्पष्ट लिहावे. स्टुडिओतल्या चकचकीत चित्रफितीपेक्षा प्रत्यक्ष कार्यक्रमाची, आवाज न सुधारलेली पाच मिनिटांची चित्रफीत आयोजकाला अधिक उपयोगी पडते. खुल्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला सहसा परवानगी नसते. तेव्हा कार्यक्रमाची एकूण वेळही नमूद करावी.

प्रश्नकर्ता:
घुमटाविषयी परिचयातही काही लिहावे का?

उत्तर (पणजी, वृत्तपत्रात काम):
एक वाक्य पुरे. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य म्हणून घोषित केले, हा संदर्भ बातमीला उपयोगी पडतो. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत, आणि घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तुमच्या घुमटाचे चामडे बकरीचे असेल तर तेही त्याच वाक्यात लिहावे, म्हणजे आयोजकाला तो प्रश्न विचारावा लागणार नाही.