अनुभव धागा: कॅम्पसवरून प्लास्टिकची पाण्याची बाटली घालवताना काय काय झालं?

धागाकर्ती
आमच्या विद्यापीठात एकदा वापरून फेकायच्या बाटल्या बंद करायचं ठरलं त्याला दोन वर्षं होऊन गेली, मी समितीत पहिल्या दिवसापासून आहे म्हणून हा धागा काढतेय. यशाच्या गोष्टी पोस्टरवर असतातच, इथे काय फसलं ते लिहा. विद्यार्थी, शिक्षक, ऑफिसातले, कँटीनवाले, सगळ्यांनीच लिहा.

सुरुवात माझ्यापासून. ठरावाच्या आधी आम्ही आठवडाभर कचऱ्याच्या डब्यांतल्या बाटल्या मोजल्या, हातमोजे घालून, नाक मुठीत धरून. सगळ्यांची समजूत अशी की पोरं बाटल्या घेतात आणि कुठेही टाकतात. निघालं भलतंच. सगळ्यात मोठा ढीग सेमिनार हॉलच्या मागे, आणि त्यातल्या कितीतरी बाटल्या अर्ध्याअधिक भरलेल्या. म्हणजे विद्यापीठच विकत आणत होतं, पाहुण्यांपुढे ठेवत होतं आणि दोन घोट झाले की फेकत होतं. हा तक्ता मीटिंगमध्ये दाखवला तेव्हा कोणी काही बोललं नाही, कारण टेबलावर प्रत्येकापुढे एकेक बाटली होतीच.

तिसरा मजला
हॉस्टेलवरून लिहितोय. आमच्याकडे आधी बंदीची नोटीस आली आणि कूलर नंतर दुरुस्त झाला, चार महिन्यांनी. मधल्या काळात काय झालं सांगू का, पोरं गेटबाहेरून अख्खे बॉक्स आणायला लागली, एकेक बाटली घ्यायची ती बारा-बारा यायला लागली. कूलरचं पाणी वाईट होतं असंही नाही, पण चव लोखंडासारखी लागायची आणि टाकी कधी धुतली ते कोणाला माहीत नाही. मग एकाने टीडीएस मीटर आणला, तो सगळ्या विंगमध्ये फिरला, ज्याला त्याला पाण्यात बुडवून बघायचं वेड लागलं. आकडा कमी आला की पाणी चांगलं, जास्त आला की विष, असा हिशेब.

प्रयोगशाळेतला
वरच्या टीडीएसवाल्यांसाठी: तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, बस. जंतू असले तरी त्याला कळत नाही. टीडीएस कमी आणि पाणी दूषित असं अगदी आरामात होऊ शकतं. पाणी पिण्याजोगं आहे का बघायला कोलिफॉर्मची, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण देणाऱ्या जंतूंची तपासणी लागते, त्याला नमुना नीट घ्यावा लागतो, नळाचं तोंड निर्जंतुक करून, निर्जंतुक बाटलीत. आम्ही महिन्यातून एकदा करतो. खरा फरक तपासणीने पडला नाही, रिपोर्ट फाईलमध्ये जायचा बंद होऊन कूलरवर चिकटायला लागला तेव्हा पडला. तारखेसकट. तारीख जुनी झाली की मुलं स्वतःच येऊन विचारतात, सर या महिन्याचा राहिला का. अजून एक, सुट्टीनंतर पाईपात साचून राहिलेलं पाणी आधी काही मिनिटं सोडून द्यायचं, लोखंडी चव बऱ्याचदा तिथलीच असते.

आणि बाटलीबंद म्हणजे शुद्धच, या समजुतीवरही एक. २०२४ च्या जानेवारीत कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला, त्यात बाटलीतल्या पाण्यात लिटरमागे सरासरी सुमारे २ लाख ४० हजार प्लास्टिकचे कण सापडले होते, बहुतेक नॅनो आकाराचे, म्हणजे डोळ्यांना अजिबात न दिसणारे. त्याने शरीराचं नेमकं काय होतं यावर अजून काम चालू आहे, म्हणून मी त्याचं भीतीचं पोस्टर करू दिलं नाही. समिती माझ्यावर जरा नाराज आहे.

कँटीन काउंटर
आम्हाला सांगितलं पाण्याच्या बाटल्या ठेवू नका, नाही ठेवल्या. फ्रीजची ती जागा रिकामी कशी ठेवणार, तिथे कोल्ड्रिंक लावलं. तेही प्लास्टिकच्याच बाटलीत. कोणी काही बोललं नाही कारण नियमात फक्त पाणी लिहिलं होतं. तहान लागलेला माणूस काउंटरला येतो तेव्हा त्याला थंड काहीतरी पाहिजे असतं, तो ठराव वाचून येत नाही.

आकडेमोडे
कँटीनवाल्यांनी जे लिहिलंय ते अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात मोजलं गेलंय. तिथे २०१३ च्या जानेवारीपासून कॅम्पसवर बाटलीबंद पाण्याची विक्री थांबवली, त्यावरचा अभ्यास २०१५ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये आला. कॅम्पसवर येणाऱ्या बाटल्या माणशी कमी झाल्याच नाहीत, उलट वाढल्या, आणि लोक गोड पेयांकडे वळले. तिथे नळांवर बाटली भरायची सोयसुद्धा केलेली होती, फुकट बाटल्याही वाटल्या होत्या! आमच्याकडे हा पेपर मी प्रिंट काढून दिला होता, तो कोणीतरी खिडकी वाजू नये म्हणून घडी करून फटीत लावलेला सापडला.

धागाकर्ती
@आकडेमोडे, तो पेपर आम्ही वाचला होता हो, खिडकीत जायच्या आधी. त्यानंतरच नियमात ‘पाण्याची बाटली’ खोडून ‘एकदा वापरायची प्लास्टिक बाटली’ केलं आणि कोल्ड्रिंक मशीनमधून ग्लासात द्यायला सुरुवात केली. त्यावरून जी भांडणं झाली तो वेगळा धागा होईल.

मावशींचं मी टाईप करतेय
आमच्या इमारतीत झाडायला येणाऱ्या मावशींना हा धागा वाचून दाखवला, त्या म्हणाल्या माझंही लिही. त्यांचं म्हणणं असं: "तुम्ही लोकांनी नेमकी ती वस्तू बंद केली जी विकली जात होती. बाटली भंगारवाला हसत घेतो. चकचकीत वेफरची पाकिटं कोण घेतो? कोणीच नाही, ती तशीच आहेत. आम्ही चौघी बाटल्या वेगळ्या काढून विकायचो, पगाराच्या वर तेवढंच. बंद करताना आम्हाला कोणी विचारलं नाही."

मला हे खरंच माहीत नव्हतं. मग वाचलं. बाटली असते पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची, त्रिकोणात १ लिहिलेलं, एकच जातीचं प्लास्टिक म्हणून तिला भाव. झाकण वेगळ्या प्लास्टिकचं, कारखान्यात तुकडे करून पाण्यात टाकले की पेट बुडतं आणि झाकण तरंगतं, तसंच वेगळं करतात. पाकिटात मात्र वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले, ते सोडवणं परवडत नाही. मावशींना हे सगळं न वाचता माहीत होतं. समितीने यावर काय केलं ते @धागाकर्ती तुम्ही लिहा.

धागाकर्ती
काहीच नाही केलं. खरं ते लिहिते. नंतर कागद आणि पुठ्ठा विकायचा हक्क त्यांच्याकडे द्यावा असा प्रस्ताव मी मांडला, तो स्टोअरकडे अडकलाय.

विसरभोळी
जरा हलकं. लायब्ररीच्या हरवलं-सापडलं कपाटात आता छत्र्यांपेक्षा स्टीलच्या बाटल्या जास्त आहेत. प्रवेशाच्या वेळी एक दिली लोगोवाली, मग डिपार्टमेंटने एक, मग फेस्टमध्ये एक, माझ्याकडे चार झाल्या आणि त्यातल्या दोन त्या कपाटात असाव्यात. स्टीलची एक बाटली बनवायला प्लास्टिकच्या एका बाटलीपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते, ती पुन्हा पुन्हा वापरली तरच भरपाई होते. चार-चार वाटून काय साधलं? आणि झाकणातली रबराची रिंग काढून धुवा रे बाबांनो, काळी बुरशी तिथेच बसते. मी सहा महिने धुतली नव्हती. पुढचं सांगत नाही.

पाहुण्यांची सरबराई
माझं काम कार्यक्रमांचं. व्यासपीठावर बाटली नसेल तर पाहुण्यांचा अपमान, असं आमच्या एका सरांचं ठाम मत. तांब्या-भांडं ठेवलं तर म्हणाले जुनाट दिसतं. काचेचा जग आणि झाकणवाला ग्लास ठेवला तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. श्रोत्यांसाठी कागदी कप आणले, दोन कार्यक्रम कौतुक झालं, मग कोणीतरी दाखवून दिलं की कागदी कपाला आतून प्लास्टिकचाच पातळ थर असतो, नाहीतर पाणी गळलं असतं. आता स्टीलचे पेले. ते धुवायला माणूस लागतो आणि तो माणूस बजेटमध्ये नाही, तर कार्यक्रम संपला की मी आणि शिपाईमामा बाह्या वर करून बेसिनपाशी.

चाकं
व्हीलचेअरवरून. बाटली भरायचं नवीन फिलिंग स्टेशन छान आहे, सेन्सरवालं, फक्त माझा हात तिथे पोचत नाही. मी बाटली विकत घ्यायचो ती हौस म्हणून नाही. तक्रार केल्यावर एका इमारतीत खालच्या उंचीचा नळ बसला, तर आता मी पाण्यासाठी त्या इमारतीत जातो.

तिसरा मजला
अजून एक राहिलंच. परीक्षेला पारदर्शक, लेबल नसलेलीच बाटली चालते, स्टीलची दाराबाहेर. म्हणजे ज्या विद्यापीठाने बाटली बंद केली तेच वर्षातून दोनदा ती आणायला लावतं. मागच्या पेपरला बाहेर स्टीलच्या बाटल्यांची ही लांब रांग, आणि आत सगळ्यांकडे लेबल खरवडलेल्या त्याच बाटल्या.

धागाकर्ती
@तिसरा मजला, हे समितीत कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. परीक्षा विभागाला आज पत्र टाकतेय, हॉलमध्ये जग आणि पेले ठेवता येतील का म्हणून. पेले कोण धुणार हे ते विचारणारच, @पाहुण्यांची सरबराई, तुम्ही किती पेले आणले होते आणि किती परत आले तेवढं सांगून ठेवा.