बेकेटच्या अवशेषपेट्या तांब्याच्या का?

निळाई:
लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या इंग्लंडमधल्या कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याच्या अवशेषपेटीचे (संताचे अवशेष ठेवायची पेटी) फोटो मोठे करकरून पाहतेय. घरासारखा आकार, वर उतरतं छप्पर. पुढच्या बाजूला आर्चबिशपवर तलवार उगारलेले सरदार, छपरावर त्याचं दफन. माहितीत मात्र ‘तांबं, सोन्याचा मुलामा’ असं लिहिलंय. फ्रान्समध्ये काँकला सेंट फॉयची अख्खी मूर्ती सोन्याच्या पत्र्याने मढवलेली, आणि इतक्या गाजलेल्या हुतात्म्याच्या वाट्याला तांबं? शिवाय अंगं सपाट आणि डोकी तेवढी बाहेर आलेली, ते का?

भट्टीवाला:
बेकेटच्या वाट्याला सोनंही आलं होतं हो. कँटरबरीत 1220 साली त्याचे अवशेष ज्या समाधीत हलवले ती सोन्या-रत्नांनी मढवलेली होती. 1538 मध्ये आठव्या हेन्रीच्या माणसांनी ती फोडली आणि सोनं राजाच्या तिजोरीत गेलं. तांब्याच्या पेट्या मात्र आजही पन्नासच्या आसपास शिल्लक आहेत. वितळवून फारसं काही हाती लागत नाही, त्या वाचल्या त्या मुख्यतः म्हणून.

आता तांबंच का. मी स्वतः तांब्यावर मीनाकाम करतो, तेव्हा थोडं लांबण लागेल. या पेट्या फ्रान्समधल्या लिमोजच्या. बेकेटचा खून 1170 चा, 1173 मध्ये तो संत जाहीर झाला, आणि थोड्याच वर्षांत लिमोजच्या कारागिरांकडून त्याच्या पेट्या बाहेर पडू लागल्या. इतकी मागणी सोन्यात कोण पुरवणार? बायझंटाइन पद्धतीत सोन्याच्या पातळ पट्ट्या उभ्या डाखून घरं करतात आणि त्यांत मीना भरतात. लिमोजवाले उलट करायचे: तांब्याचा जाड पत्रा घ्यायचा आणि मीना भरायची जागा छिन्नीने कोरून काढायची. इतकं कोरायचं तर पत्र्यात जाडी हवी, आणि तेवढ्या जाडीचं सोनं कुणाच्या खिशाला परवडलं असतं?

मग काचेची पूड धुऊन ओलीच खड्ड्यात दाबायची, वाळवायची, भट्टीत घालायची. वितळली की ती खाली बसते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. शेवटी घासून काच आणि तांबं एका पातळीला आणायचं. मुलामा सगळ्यात शेवटी: सोनं पाऱ्यात कालवून उघड्या तांब्यावर फासायचं आणि तापवून पारा उडवायचा. त्याला लागणारी आच काच वितळायच्या आचेच्या पुष्कळ खाली असते, त्यामुळे मीन्याला धक्का लागत नाही. आणि हे मिश्रण धातूलाच धरतं, काचेला नाही. म्हणून निळ्या-सोनेरीतली कड एवढी धारदार दिसते. (पाऱ्याची वाफ विषारी असते. हा भाग घरी कुणी करून पाहू नये.)

डोकी वेगळी करून नंतर खिळ्यांनी बसवलेली असतात. सपाट पत्र्यावर कोरलेला चेहरा मेणबत्तीच्या उजेडात लांबून काय दिसणार? उठावाचं डोकं उजेड पकडतं. काही पेट्यांवरची डोकी गळून पडलीत, तिथे नुसती भोकं राहिलीत.

पोथीवाली:
भट्टीवाला, ‘सोनं परवडत नाही म्हणून तांबं’ हे थोडं सरधोपट होतंय. जर्मनीतल्या कलोनची तीन राजांची (बाळ येशूला भेटायला आलेल्या) अवशेषपेटी बघा. व्हर्दूनच्या निकोलस या सोनाराचं नाव तिच्याशी जोडलं जातं, काम साधारण 1180 ते 1225 चं. पैशाला तोटा नव्हता, तरी सोनं मुख्यतः समोरच्या बाजूला. बाजूचे प्रेषित मुलामा दिलेल्या चांदीचे आणि मीनाकाम तांब्यावर. महागड्या कामातही तांबं हक्काने येतं.

आणि काचेचं राहिलं. 12व्या शतकात थिओफिलसने कारागिरीवर लिहून ठेवलंय की जुन्या, ख्रिस्तपूर्व धर्माच्या इमारतींतल्या मोझेकमध्ये रंगीत काचेचे चौकोनी तुकडे सापडतात, आणि त्यांतूनच सोन्या-चांदी-तांब्यावरचा मीना करतात. त्या काळच्या मीन्याच्या रासायनिक तपासणीतही जुनी रोमन काच सापडते. सेंट फॉयच्या मूर्तीचं डोकंसुद्धा उशिराच्या रोमन काळातलं, जुनंच उचलून बसवलेलं! 11व्या शतकाच्या सुरुवातीला आंजेचा बर्नार हा धर्मपंडित काँकला गेला तेव्हा त्याने आधी ही मूर्तिपूजाच आहे म्हणून टर उडवली, आणि नंतर त्याच फॉयच्या चमत्कारांची पोथी लिहिली.

भट्टीवाला:
कलोनचा मुद्दा मान्य. मी लिमोजपुरतं बोलत होतो.

निळाई:
म्हणजे तो निळा रंग कुठल्या तरी रोमन भिंतीवरचा असू शकतो? आता पुन्हा झूम करायला बसते. पण या पेट्या उघडायच्या कशा?

भट्टीवाला:
पुढून नाही. पुढचं चित्र भाविकांसाठी. पुष्कळ पेट्यांना मागे किंवा कडेच्या त्रिकोणी भिंतीत लहान दार असतं, कुलपासकट. फोटो मागच्या बाजूचेही शोधा. मागे बरेचदा नुसती फुलं किंवा जाळीची नक्षी असते.