परदेशी फराळ पाठवताना खसखस टाळा

ताई, लेकाला दुबईला दिवाळीचा फराळ कसा पाठवायचा असं तुम्ही विचारलंय आणि बहुतेकांनी पॅकिंगचंच सांगितलंय, म्हणून आधी हे लिहिते: अनारसे आणि करंजीचं सारण, दोन्हीकडची खसखस काढा. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, सिंगापूरलाही. आपल्याला साधी वाटणारी ही गोष्ट तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात येते, तेव्हा "चिमूटभरच आहे" असं अजिबात म्हणू नका. अनारसे सरळ वगळलेलेच बरे.

चकली व्हॅक्यूम करू नका, हवा ओढताना काटे मोडून तळाशी नुसता चुरा होतो. चिवड्याला चालतं. चकली पूर्ण गार करायची, अगदी रात्रभर. कोमट भरली तर पिशवीत आतून दव धरतं आणि पोचेपर्यंत ती मऊ पडते. मग टिश्यू पेपर घातलेल्या ताठ डब्यात उभी रचा, डबा हलवल्यावर खुळखुळता कामा नये. तळणीचं तेल ताजंच हवं, नाहीतर खवट वास येतो. ओलं खोबरं, खवा नकोच.

आणि कस्टमच्या फॉर्मवर नुसतं 'स्नॅक्स' लिहू नका. पदार्थ, त्यातले जिन्नस, वजन, सगळं इंग्रजीत नीट लिहा.